ओढ्याकाठच्या हातांना पंचवीस हजार

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका यांस,

पुण्याच्या नद्यांसाठी आजवर पुष्कळ मोठ्या रकमा मागितल्या गेल्या आणि मंजूरही झाल्या. मी लहान रक्कम मागायला लिहिते आहे. सुटीच्या दिवशी सकाळी आपणहून ओढ्यात उतरून कचरा काढणाऱ्या नागरिकांच्या गटांना महापालिकेने दहा, पंचवीस, फार तर पन्नास हजार रुपयांचे अनुदान द्यावे. ते काम सुरू होण्याआधी द्यावे. आणि त्यासाठी अंदाजपत्रकात एक कोटी रुपयांचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचे होते. मी मागते आहे ती रक्कम त्यातल्या बारा हजार रुपयांमागे एक रुपयाही भरत नाही. पण पंचवीस हजारांचा हिशेब धरला तर तेवढ्यात चारशे गट उभे राहतात.

लोक विनामोबदला काम करतच आहेत, मग पैसे कशाला, असा प्रश्न आपल्या कार्यालयात कुणीतरी विचारील. त्याचे उत्तर ओढ्याच्या काठावर मिळते.

मी रामनदीच्या काठाला राहते. ही नदी खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते, भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असा प्रवास करते आणि औंधजवळ मुळेला मिळते. उन्हाळ्यात तिचे पात्र इतके आक्रसते की शहरात नव्याने राहायला आलेल्या माणसाला ती नदी वाटतच नाही. काठावरच्या झुडपांच्या मुळांना पिशव्या आणि चिंध्या गुंडाळून बसलेल्या असतात. वरून दोन बोटे दिसणारी पिशवी ओढायला जावे, तर ती गाळात हातभर खोल गेलेली निघते. गाठ मारून टाकलेले निर्माल्य, थर्माकोलची मखरे, काचा फुटलेल्या देवांच्या तसबिरी, भिजून चौपट जड झालेल्या गाद्या, गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, औषधांच्या बाटल्या, कधी इंजेक्शनच्या सुया, आणि रात्रीच्या अंधारात डंपरने ओतलेला राडारोडा. हे सगळे एकाच वळणावर सापडते. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

यात उघड्या हातांनी काम करणे धोक्याचे आहे. काच लागली तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागते. उंदीर-घुशींच्या मुतामुळे पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतू पायाच्या साध्या भेगेतूनही शरीरात शिरतो. म्हणजे गमबूट आणि जाड रबरी हातमोजे ही चैनीची वस्तू नव्हे. त्यांच्याशिवाय कुणाला पाण्यात उतरवू नये, शाळा-कॉलेजच्या मुलांना तर नाहीच. वीस जणांच्या गटाला गमबूट, हातमोजे, फावडी, घमेली, दंताळी, झुडपांतली चिंधी ओढायला लांब दांड्याच्या आकड्या, पोती, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी एवढे घ्यायचे तर वीस-पंचवीस हजारांत भागते. नीट सांभाळले तर सामान दोन-तीन हंगाम टिकते. आज ही खरेदी कोण करते? गटातली दोन-तीन माणसे आपल्या खिशातून करतात. काही महिने निभावते, मग एकाची बदली होते, दुसऱ्याच्या घरी आजारपण येते आणि मोहीम थांबते. लोकांचा उत्साह संपला असा निष्कर्ष आपण काढतो. पुष्कळदा खरे कारण असे असते की फाटलेल्या हातमोज्यांच्या जागी नवे घ्यायला कुणाजवळ पैसे उरलेले नसतात.

याहून अवघड गोष्ट म्हणजे काढलेला कचरा हलवणे. तीन तासांत वीस माणसे सहज साठ-सत्तर पोती भरतात. ओला, गाळाने माखलेला, मिसळलेला कचरा. तो घरोघरच्या कचऱ्याच्या गाडीत घेता येत नाही, आणि वेगळी गाडी रविवारी मिळेलच याची खात्री कोणत्याही शहरात नसते. पोती काठावर राहतात. कुत्री ती फाडतात, एक वळवाचा पाऊस येतो आणि काढलेले सगळे पुन्हा पाण्यात जाते. नदीत उतरलेल्या माणसाचे मन दुर्गंधीने मोडत नाही, ते या दृश्याने मोडते. टेम्पोच्या एका खेपेचे भाडे गटाच्या हातात असेल, कुठे खाली करायचे ते आधी ठरलेले असेल आणि तिथला पहारेकरी गाडी आत घेईल एवढी एक चिठ्ठी सोबत असेल, तर हा सगळा त्रास वाचतो. पैसे आणि परवानगी या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर द्याव्यात, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

हा पैसा दुसरीकडून का उभा राहत नाही, तेही सांगते. पुण्यात आयटी कंपन्या, मोटार कंपन्या पुष्कळ आहेत आणि कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे त्यांना सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. पण तो निधी घ्यायला संस्था नोंदलेली लागते, प्राप्तिकर कायद्याची प्रमाणपत्रे लागतात, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा नोंदणी अर्जही भरावा लागतो. संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद, घटना, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल. शेजारच्या तीन सोसायट्यांतले निवृत्त शिक्षक, दोन गृहिणी, एक रिक्षाचालक आणि कॉलेजची आठ मुले मिळून जो गट होतो, त्याने हे करत बसावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. त्यांनी ओढ्यात उतरावे. शिवाय कंपनीला साहजिकच लाखांत खर्च होणारे, फलक लावता येणारे काम हवे असते. पंचवीस हजारांचा अर्ज तपासायला तिथेही कुणाला वेळ नसतो. लोकांचा खिसा आणि कंपन्यांचा निधी यांच्या मध्ये जी जागा रिकामी राहते, ती महापालिकेने भरायची आहे.

मोठ्या प्रकल्पांना माझा विरोध आहे असे आपण समजू नये. मैलापाणी शुद्धीकरणाच्या जायका प्रकल्पाला जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा त्याचा खर्च ९९०.२६ कोटी होता. त्यात ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे आणि दिवसाला ३९.६ कोटी लिटर शुद्धीकरणाची क्षमता धरली होती. ते काम पूर्ण झालेच पाहिजे. नदीत मैलापाणी येत राहिले तर हजार माणसांनी हजार रविवार राबूनही मुठेचे पाणी काळेच राहणार. हे मी स्पष्ट लिहिते, कारण स्वयंसेवकांच्या कामाकडे बोट दाखवून शुद्धीकरण केंद्रांची दिरंगाई झाकली जाऊ नये. नदीकाठ सुधारणेचा प्रकल्प ४४ किलोमीटरचा आणि मंजुरीच्या वेळी ४,७२७ कोटींचा. त्याविषयी शहरात दोन मते आहेत आणि त्या वादात मी इथे जात नाही. माझे म्हणणे एवढेच की हे दोन्ही प्रकल्प प्रामुख्याने मुळा आणि मुठा या मोठ्या पात्रांपुरते आहेत. या पात्रांना जे ओढे मिळतात, आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला, माणिक नाला, रामनदी, देवनदी, तिथे कोटींची निविदा पोहोचत नाही. एखाद्या मोरीखाली अडकलेल्या गाद्यांसाठी निविदा निघत नाही आणि निघूही नये. तिथे पोहोचतो तो शेजारी राहणारा माणूस.

ओढ्यांकडे दुर्लक्ष करण्याची किंमत या शहराने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मोजली आहे. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा त्या रात्री सोसायट्यांत आणि वस्त्यांत शिरला, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या कागदासारख्या वाहून गेल्या. पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. त्यामागे मुसळधार पाऊस होता, अरुंद केलेले पात्र होते, अतिक्रमणे होती. कचरा हे त्यातले एकमेव कारण नव्हते. पण मोऱ्यांची आणि लहान पुलांची तोंडे तुंबली की पाणी वाट सोडते, हे ओढ्याकाठच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या गटाची माणसे एका ठरावीक पट्ट्यात नियमित फिरतात, त्यांना कोणती मोरी कधी तुंबते, कोणत्या रात्री डंपर येतो, कोणत्या इमारतीची मैलापाण्याची नळी थेट ओढ्यात सोडली आहे, हे सगळे कळते. मला या कामाचा सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो. साठ पोती कचरा निघतो तो निघतोच, पण त्याबरोबर शहराला चारशे ठिकाणी लक्ष ठेवणारे डोळे मिळतात. त्यांची निरीक्षणे दर महिन्याला एका नकाशावर भरली, तर पावसाळ्याआधीच्या नालेसफाईचे काम नेमके कुठे करून घ्यायचे हे आपल्या अभियंत्यांना आयते समजेल.

औंधच्या राम-मुळा संगमावर आणि विठ्ठलवाडीला ‘जीवितनदी’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी नदीकाठाचा पट्टा दत्तक घेण्याची पद्धत रुजवली आहे. एक दिवसाची मोहीम करून फोटो काढून निघून जाण्यापेक्षा, तोच पट्टा, तीच माणसे, वर्षभर, ही रीत मला जास्त भरवशाची वाटते. अनुदानही अशाच कामाला द्यावे. जागतिक पर्यावरण दिनापुरत्या गटाला देऊ नये.

लहान रकमेवर विश्वास ठेवण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. राष्ट्रीय हरित सेनेच्या योजनेत केंद्र सरकार शाळांच्या पर्यावरण मंडळांना वर्षाला २,५०० रुपये देत असे, पुढे ते ५,००० झाले. एवढ्याशा पैशांत देशभरच्या शाळांनी झाडे लावली, खतखड्डे केले. जागतिक पातळीवर १९९२ पासून ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटीचा लघु अनुदान कार्यक्रम स्थानिक गटांना थेट पैसे देतो. महाराष्ट्रात २००० साली आर. आर. पाटलांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि गावेच्या गावे झाडून निघाली. मात्र त्या अभियानाची रचना बक्षिसाची होती. बक्षीस काम झाल्यावर मिळते, आणि वरचा क्रमांक आलेल्यांनाच मिळते. ज्या वस्तीत पहिले फावडे घ्यायलाही पैसे नाहीत, तिला बक्षिसाचा उपयोग होत नाही. पुढे पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत श्रमदानाला यंत्रांची जोड मिळाली, तेव्हा गावांनी केवढे काम केले ते आपण सर्वांनी पाहिले. श्रम लोकांचे आणि साधने बाहेरून, ही विभागणी मराठी मुलखात चालते.

आणि पुणे महापालिकेला तर हे नवीन नाहीच. २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवणारी ही महापालिका. प्रत्येक कामाला पाच लाखांची मर्यादा घालून बाकडी, दिवे, पदपथ अशी शेकडो कामे लोकांनी सुचवली. फरक इतकाच की आजवर नागरिक काम सुचवतो आणि ते ठेकेदार करतो. इथे सुचवणाराच काम करणार आहे, तर साधनांचे पैसे त्याच्याकडे जाऊ देत.

हे कसे करावे याविषयी काही सुचवते. अर्ज मराठीत आणि एका पानाचा असावा. गट नोंदलेला असण्याची अट नको. जवळची शाळा, सार्वजनिक वाचनालय, गृहनिर्माण संस्था किंवा गणेश मंडळ यांच्या बँक खात्यात पैसे यावेत आणि दोघांच्या सहीने खर्च व्हावेत. या शहरात मंडळे वर्षानुवर्षे वर्गणीचा हिशेब फलकावर लावतात, तीच पद्धत इथे चालेल. पंधराही क्षेत्रीय कार्यालयांना आपापला वाटा ठरवून द्यावा, निर्णय तीस दिवसांत व्हावा. निवड करणाऱ्या समितीत अधिकाऱ्यांबरोबर ओढ्याकाठच्या वस्तीतली दोन माणसे असावीत. पुरात घर त्यांचे जाते. हप्ते पाडायचेच असतील तर ऐंशी टक्के आधी द्यावेत. ‘आधी खर्च करा, बिले लावा, मग देऊ’ अशी योजना निघाली तर ती ज्यांच्याकडे मुळात पैसे आहेत त्यांच्यासाठीच राहील. वस्तीतला गट पहिल्या पायरीवरच बाहेर पडेल.

टी-शर्ट, फलक, मंडप, सत्कार यांवर या पैशातून एक रुपयाही खर्चू देऊ नये. चहा-पोह्यांना मात्र परवानगी असावी. तीन तास गाळात राबलेल्या माणसाला गरम चहा देणे हा कामाचाच भाग आहे.

एका गोष्टीबद्दल मी जास्त काळजीने लिहिते. कचरा वेचून आणि निवडून पोट भरणाऱ्या बायका या शहराचा फार मोठा भार वाहतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये याच शहरात उभी राहिली आणि त्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करते. ओढ्यातून निघालेल्या मालात काय विकले जाईल, काय जाळू नये, काय वेगळे बांधावे, हे त्या बायकांना आपल्या सर्वांहून चांगले कळते. त्यांना स्वयंसेवक म्हणून बोलावू नये. त्यांचा रविवार बुडतो तो रोजगाराचा असतो. अनुदानातला काही भाग त्यांच्या निवडणीच्या मजुरीसाठी राखून ठेवावा, त्यांना दिवसाचा पूर्ण दर द्यावा आणि गटाला निवडणी शिकवणाऱ्या म्हणून मान द्यावा. आम्ही हौसेने करतो ते काम त्यांच्या उपजीविकेवर गदा आणणारे होता कामा नये.

स्वच्छतेच्या नावाखाली काठ खरवडून काढण्याचीही भीती आहे. जेसीबीला या पैशातून पात्रात उतरू देऊ नये. पुण्याच्या नदीकाठी वाळुंज, करंज, उंबर आहेत, लव्हाळे आहे, त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवला आहे. लव्हाळ्यात पक्ष्यांची घरटी असतात. प्लास्टिक काढावे, झाड राहू द्यावे, पाला राहू द्यावा. जलपर्णी काढली तर ती काठावर ढीग करून सोडू नये. पाण्यात पुन्हा गेलेला तिचा तुकडाही वाढतो. हे सांगायला प्रत्येक गटाबरोबर पहिल्या दिवशी वनस्पतींची जाण असलेला एक माणूस पाठवावा. शहरात असे शिक्षक आणि अभ्यासक आहेत आणि बोलावले तर ते येतात.

पैशाचा गैरवापर होईल, ही शंका आपले लेखा अधिकारी काढतील, आणि ती काढणे त्यांचे कामच आहे. चारशे गटांपैकी काही गट दोन रविवारांनंतर विस्कटतील, काहींची बिले जुळणार नाहीत. अशा गटाला पुढच्या वर्षी पैसे देऊ नयेत आणि नाव क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावे. त्यापलीकडे जाऊन एका बुडालेल्या पंचवीस हजारांसाठी बाकीच्या सगळ्यांच्या मागे प्रतिज्ञापत्रे आणि शपथपत्रे लावू नयेत. हातमोजे, टेम्पो आणि पोती यांचा हिशेब तपासायला वजनकाट्याची पावती, बिले आणि आधी-नंतरचा फोटो एवढे पुरेसे आहे. रक्कम लहान ठेवण्याचे एक कारण हेच आहे की चूक झाली तरी ती शहराला परवडते.

मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, पुढे उजनीच्या जलाशयात साठते. ते सोलापूर पिते, आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीला पालख्या पुण्यात मुक्काम करून पुढे जातात, तेव्हा हे शहर वारकऱ्यांचे स्वागत प्रेमाने करते. त्यांच्या आधी आपले पाणी तिथे पोहोचलेले असते. म्हणून पुण्यातला ओढा हा फक्त पुण्याचा प्रश्न मानता येणार नाही, आणि सोलापूरकरांचे ऋण म्हणून तरी हे एक कोटी आपण बाजूला काढावेत.

येत्या अंदाजपत्रकात हे लेखाशीर्ष उघडा. पहिल्याच वर्षी एक कोटी जड वाटत असतील तर रामनदी, देवनदी, आंबिल ओढा आणि भैरोबा नाला यांच्यापुरते पंचवीस लाख ठेवा. मात्र पैसे ऑक्टोबरअखेर गटांच्या हातात पडतील असे पाहा. पाऊस ओसरला की काठ चालण्याजोगे होतात, आणि तिथून पुढच्या मृगापर्यंतचे सात-आठ महिनेच या कामाला मिळतात.

आपली नम्र,
रामनदीकाठची एक रहिवासी